गावाबाहेरचा फ्लॅट : भाडे स्वस्त, येणे-जाणे महाग

पेण असो वा रोहा, जुन्या मोहल्ल्यातली घरे आता पुरत नाहीत. मुलाचे लग्न झाले, शिलाईची मशीन वाढली, माल ठेवायला जागा उरली नाही, म्हणून आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू गावाबाहेरच्या नव्या इमारतींत भाड्याने फ्लॅट पाहू लागले आहेत. इमारत नवी, हवा मोकळी, भाडे बाजारपेठेपेक्षा कमी. दलाल एवढेच सांगतो. शाळा, दवाखाना, मशीद, भाजीबाजार यांपैकी काहीच पायी जाण्याजोगे नाही, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

अशा घराचा हिशेब आम्ही दुकानाच्या वहीप्रमाणे मांडून पाहिला. समजा, दुकान सात किलोमीटरवर आहे आणि दुपारी घरी जेवायला येण्याची सवय आहे. रोज चार वेळा तोच रस्ता, म्हणजे २८ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७२८. मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर सोळा लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागते. शंभर रुपये लिटर हा ढोबळ भाव धरला तरी सोळाशे रुपये झाले. टायर, ऑइल, विमा वेगळा. हे फक्त एका माणसाचे. घरातल्या स्त्रियांचा बाजार, मुलांची शाळा आणि मदरसा यांसाठी मिनीडोर किंवा रिक्षा आलीच. भाड्यात दोन हजार वाचले म्हणून खूश असलेल्या गृहस्थाला वर्षभरात दुसरी स्कूटर घ्यावी लागली, तर वाचले काय?

म्हणून जागा रविवारी सकाळी पाहू नये. दुकान बंद करून रात्री दहाला तिकडे जावे आणि वाहन मिळते का ते पाहावे. मुंबई-ठाण्याहून माल आणणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे, रोहा नाही. रोह्याहून महामार्ग गाठायला कोलाडपर्यंत दहा-बारा किलोमीटर जावे लागते. दिवा-रोहा रेल्वेची सोय दोन्ही गावांना आहे, पण गाडीतून उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता आपला आपल्यालाच काढायचा असतो. पावसाळ्यात तो रस्ता पाण्याखाली जातो का, हे शेजाऱ्यांना विचारावे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठण्याचे काय केले, हे जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. कुंडलिका आणि भोगावतीच्या काठी राहणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

आता करारनाम्याकडे वळू. 'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कायद्यातच असावे असे वाटू लागते. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे; त्याने ती टाळली तर त्याला शिक्षा आहे, आणि अटींबाबत वाद झाल्यास उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. खर्चही मोठा नाही. सहा हजार भाडे, पन्नास हजार परत मिळणारे डिपॉझिट आणि एक वर्षाची मुदत असेल तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास येते; नोंदणी फी वेगळी.

आपल्याकडे घरमालक पुष्कळदा कुवेत किंवा दुबईला असतो आणि किल्ली त्याच्या भावाकडे किंवा मेहुण्याकडे. ओळख पक्की असली तरी कुलमुखत्यारपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ते परदेशात केलेले असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा नोटरीसमोर झालेले आहे का, आणि त्यात भाड्याने देण्याचा अधिकार लिहिला आहे का, हे वाचून घ्यावे. भाऊ खरा असतो, पण घर तिघा भावांचे असते, असेही होते.

भाडे नको, त्याऐवजी भारी डिपॉझिट द्या, अशीही मागणी होते. व्यापाऱ्याने इथे थांबून विचार करावा. ती रक्कम म्हणजे त्याचे खेळते भांडवल. ईदच्या हंगामात माल भरायला तीच लागते. पैसा अडकला की काय होते, हे २०१० मध्ये पेण अर्बन बँक अडचणीत आली तेव्हा या तालुक्याने पाहिले आहे. डिपॉझिट द्यायचेच तर चेकने द्यावे आणि करारात आकडा लिहून घ्यावा.

कारागिरांसाठी एक वेगळी गोष्ट. घरी चार मशीन लावून काम करायचे असेल तर मालकाला आधी सांगावे, आणि सोसायटी असेल तर तिलाही. घरगुती मीटरवर कारखाना चालवल्याचे आढळले तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. मीटर मालकाच्या नावावर, बिल आपल्या माथी आणि डिपॉझिट त्याच्या हातात, अशा स्थितीत भांडायला जागा उरत नाही. मीटरचे आजचे रीडिंग करारातच नोंदवावे, आणि टेम्पो उभा करायला जागा कोणती, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.