बिनबंदुकीची लपण

शिकार म्हटली की बंदूक, एवढंच लहानपणी मला ठाऊक होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या मामूंनी ते चुकीचं ठरवलं. ते माझे सख्खे मामा नव्हते. लहानथोर सगळेच त्यांना मामू म्हणत. तरुणपणी त्यांच्याकडं एक बंदूक होती, रीतसर परवान्याची. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांनी ती विकून टाकली. पण दर उन्हाळ्यात नाल्यात जिथं डोह उरलेला असे, तिथं ते आडोसा बांधायचे आणि पहाटे जाऊन बसायचे. मला सोबत न्यायचे आणि पाच मिनिटांत घरी पाठवून द्यायचे. याचा मला फार राग येई. एकदा मी विचारलं, "मामू, आता बंदूक नाही, मग तुम्ही बसता कशाला?" ते म्हणाले, "बेटा, मारना तो एक मिनट का काम था. बाकी पूरा बैठनाइच था."

त्या बसण्याच्या जागेविषयी आज बोलायचं आहे.

अशा जागेला मराठीत लपण म्हणतात. झाडावर बांधली तर ते मचाण. ज्वारीच्या वावरात चार मेढींवर उभा करतात तो माळा. पण माळ्यावरचा राखणदार दिसावा, ऐकू यावा म्हणूनच तिथं असतो. त्याच्या हातात गोफण असते, तोंडानं हाकारे चालू असतात. लपणीतल्या माणसाचं सगळं याच्या उलट. आणि रात्री जागलीला जाणारा शेतकरी या दोघांच्या मधला. रोही आणि रानडुकरांमुळं आपल्या जिल्ह्यात त्याची झोप अजूनही पुरी होत नाही. तेव्हा हौसेनं पाखरं बघायला बसणाऱ्यांनी त्याच्यापुढं जागरणाच्या फुशारक्या मारू नयेत.

लपणीचा सगळ्यात हुशार नमुना बांधलेला नसतो, चालता असतो. पारधी समाजातल्या गायपारध्यांनी तो तयार केला. शिकवलेली गाय चरत चरत हरणांच्या कळपाकडं सरकते आणि तिच्या पलीकडच्या अंगानं पारधी वाकून चालतो. हरणाला गाय रोजचीच, तिचा धाक नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पारध्यांवरचा शिक्का काही लगेच गेला नाही. पुढं १९७२ नंतर त्यांचा पोटाचा धंदाच गुन्हा ठरला. कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मामूंची त्यात एक बंदूक गेली, फासे टाकणाऱ्यांची भाकरी गेली. याच फासेपारध्यांच्या माहितीच्या आधारानं आपल्या कारंजा भागात तणमोराचा शोध आणि माळरान राखण्याचं काम पुढं उभं राहिलं, हेही सांगायला हवं.

गायीच्या लपणीतून एक गोष्ट कळते. पाखराला किंवा जनावराला ज्याची सवय आहे, त्याच्याकडं ते लक्ष देत नाही. म्हणून लपण तिथं आधीपासून पडलेल्या वस्तूंचीच करावी. आपल्याकडं कडबा आहे, पऱ्हाटी आहे, तुरीच्या काड्या आहेत, जुनी पोती आहेत. बाजारातून काही आणायचंच असेल तर सुतळी आणावी.

आधी जागा ठरवायची. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पाणवठ्याच्या पूर्वेला बसलं तर वारा तोंडावर येतो आणि आपला वास पाण्यावर येणाऱ्या जनावराकडं जात नाही. सकाळचं ऊनही पाठीशी राहतं, म्हणजे समोरचं स्वच्छ दिसतं. पाखरांना वासाची फारशी फिकीर नसते. काळवीट, रोही यांना असते. टेकाडाच्या माथ्यावर लपण कधीच करू नये. मागं आभाळ असलं की साधं डोकं हललेलंही लांबून कळतं. मागं बाभळीचं झुडूप किंवा बांध असावा.

चार बांबू घ्यावेत, साडेपाच फुटांचे. फूटभर जमिनीत, बाकीचे वर. खाली चार फूट लांबरुंद, वर थोडं निमुळतं. एका माणसाला बसायला तेवढं पुरतं. उभं राहण्याची सोय करूच नये, केली की माणूस उभा राहतो. बांबूंना आडव्या काड्या बांधून त्यावर पोती ताणायची आणि बाहेरून कडबा किंवा पऱ्हाटी खोवायची. पोतं खालून दगडांनी दाबून घ्यावं. वाऱ्यानं फडफडणाऱ्या कापडाला पाखरं माणसापेक्षा जास्त बिचकतात. प्लास्टिक नको, ते चमकतं आणि वाजतं. हिरवा पाला नको. आपल्या वैशाखात तो दुपारपर्यंत करपतो आणि सकाळचं हिरवं झुडूप संध्याकाळी तपकिरी झालेलं दिसतं. शिवाय त्यासाठी झाड ओरबाडावं लागतं. छप्पर मात्र हवंच, घारी-शिक्रे वरून बघतात.

पाखरांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्यांतल्या पुष्कळांना दिसतात. टिनोपॉल घालून धुतलेला सदरा आपल्याला नुसता स्वच्छ वाटतो, त्यांच्या डोळ्यांत तो भरतो. जुनं, न धुतलेलं गोणपाट सगळ्यात चांगलं.

बघण्याची फट डोळ्यांच्या उंचीवर, आडवी, चार बोटं उंच आणि वीतभर रुंद. नवखा माणूस चुकतो तो मागच्या बाजूला. मागून उजेड येत असेल तर फटीतून आपली सावली हललेली दिसते. म्हणून मागं घोंगडी टाकावी, आत अंधार ठेवावा, अंगात गडद कपडे घालावेत. दार मागं. बसायला न कुरकुरणारं काहीतरी असावं. बसण्यापूर्वी जमीन झाडून घ्यावी, पोती काठीनं झटकावीत. सावली आपल्याइतकीच विंचवाला आणि घोणसलाही आवडते. खोकल्याला तोंडात खडीसाखर ठेवावी. बिडी-तंबाखू घरी ठेवून यावी.

काही जण खड्डा खणून बसतात, म्हणजे नजर पाण्याच्या पातळीला येते. मुरमाड माळावर हे जमतं. काळ्या जमिनीत करू नये. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कडा ढासळतात आणि एका वळवानं खड्ड्याची विहीर होते.

एवढं सगळं मला येत होतं तेव्हाची गोष्ट. एका मे महिन्यात पाझर तलावाच्या काठी मला टिटवीची अंडी दिसली. चार होती, खड्यांमध्ये खडे होऊन पडलेली. टिटवी घरटं म्हणून जमिनीवर नुसती खळगी करते. मित्राचा कॅमेरा मागून आणला. सोमवारी नोकरीवर जायचं, म्हणून रविवारी सकाळीच वीसेक फुटांवर लपण उभी केली, सुबक, वर सांगितली तशी, आणि आत जाऊन बसलो. टिटवी ओरडत डोक्यावरून फिरली. मग लांब उतरली, चार पावलं आली, पुन्हा उडाली. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणत मी तासाहून जास्त बसलो. या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. शेवटी ती आली. मला छायाचित्र मिळालं, चांगलं मिळालं. मी आनंदानं लपण मोडून घरी आलो.

टिटवीची अंडी साधारण चार आठवड्यांत फुटतात. मी पाच आठवड्यांनी गेलो. ती अजून बसलेली होती, चारही अंड्यांवर.

अंडी त्या तासातच मेली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दुसरं कारण मला सापडलेलं नाही. पुढं कधीतरी कायद्याचं पुस्तक हाती आलं. त्यात शिकारीची व्याख्या आहे. मारणं, पकडणं, फासे लावणं हे तर तिच्यात आहेच, पण पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हेही त्याच व्याख्येत लिहिलेलं आहे. बंदूक मी जन्मात हातात धरली नव्हती. हल्ली अनेक छायाचित्र स्पर्धांत घरट्याची छायाचित्रं घेतच नाहीत. ते मला बरोबर वाटतं.

घरट्याजवळ कुणी कधी बसूच नये, असंही नाही. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस पाहिली. म्हणून तर नर एकामागून एक घरटी विणत जातो आणि मादी पसंत पडेल ते घेते, हे कळलं. पण त्यामागं अभ्यास होता. माझ्यामागं फक्त सोमवार होता. आपण हौशी माणसांनी घरटं सोडावं आणि पाणवठा धरावा. तोही गावशिवारातला, आणि ज्याचं वावर त्याला विचारून. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही रोवू नये. बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर रात्रभर बसू देतं, तेव्हा नाव नोंदवावं.

मामू तेव्हा हयात होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कितने दिन में बांधी?"

"एका दिवसात."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठ दिन लगते." आणि समजावून सांगितलं. पाणवठ्यावरसुद्धा पहिल्या दिवशी नुसते चार बांबू रोवायचे, जागेपासून शंभर फुटांवर, आणि निघून यायचं. दुसऱ्या दिवशी एक पोतं. मग रोज दहा-पंधरा फूट पुढं सरकवायचं, तेही संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. प्रत्येक वेळी लांब जाऊन बघायचं की पाखरं नेहमीसारखी पाण्यावर येतात का. दहा मिनिटांत आली नाहीत तर लपण मागं न्यायची. तरीही आली नाहीत तर मोडून टाकायची.

शेवटच्या दिवशी आत शिरताना पाखरं बघत असतातच, तेव्हा एकट्यानं जायचं नाही. दोघांनी जायचं आणि एकानं लगेच बाहेर पडून, हात हलवत, उघड उघड घरी जायचं. पुष्कळ पाखरांना हिशेब जमत नाही. माणूस आला होता आणि माणूस गेला, एवढंच त्यांना कळतं.

मला ते पाच मिनिटांत घरी का पाठवत, हे मला त्या दिवशी समजलं. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना एकबुर्जीच्या बाजूला घेऊन गेलो. लपण आठ दिवसांत बांधली होती. नवव्या दिवशी पहाटे त्यांना आत बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि हात हलवत परत आलो.