पुरातल्या रानाचा फोटो: निवडायचा कसा, दाखवायचा कसा, तपासायचा कसा

पंचगंगा पात्राबाहेर पडली की आधी काठची मळी जाते, मग पाणंद, मग उसाचे फड. पाणी बघायला माणसं पुलाच्या तोंडाशी जमतात आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. त्या दिवसांत कोल्हापूर-सांगली भागात जे फोटो निघतात, ते बरेचसे एकाच साच्यातले असतात: वर पांढरं आभाळ, खाली तांबूस पाणी, मध्ये हिरवी रेघ. बघणारा "बाप रे!" म्हणतो आणि पुढचा फोटो उघडतो.

यात दोष फोटो काढणाऱ्याच्या हौसेचा नाही. पूर जमिनीवरच्या खुणाच झाकून टाकतो. बांध, रस्ता, विहिरीचा काठ, ओढ्याचं वळण, सगळं एका पातळीत येतं. दोन फूट पाणी आणि बारा फूट पाणी फोटोत सारखंच दिसतं. म्हणून पुरातल्या रानाचा फोटो निवडताना, दाखवताना आणि दुसऱ्याच्या फोटोवर मत देताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा: पाण्याखाली काय आहे आणि पाणी किती चढलंय, हे गावाबाहेरच्या माणसाला कळेल का?

हौशी फोटोग्राफरांचा चार-सहा जणांचा गट असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. कॅमेरा साधा मोबाइल असला तरी चालेल.

पायरी 1: उभं कुठे राहायचं

आधी पातळी बघावी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीत 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलावर कृष्णेचे हे आकडे 40 आणि 45 आहेत. पाणी चढतं आहे की उतरतं आहे, हे कळल्याशिवाय काठाकडे जाऊ नये.

वाहत्या पाण्यात पाय घालू नये. घोट्याच्या वर आलेला जोराचा प्रवाहही मोठ्या माणसाला पाडतो आणि फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगू लागते. काठ आतून खचलेला असतो, तो वरून कळत नाही. उरलेल्या कोरड्या जागेवर सापही आलेले असतात. गच्ची, टेकाड, वाहतुकीला खुला असलेला उड्डाणपूल या जागा सुरक्षित आणि फोटोलाही चांगल्या. उंचावरून बांधांची चौकट आणि झाडांच्या रांगा दिसतात. पाण्याच्या पातळीवरून तेच रान एक पट्टी होऊन जातं.

ड्रोन असला तरी बचावकार्य चालू असताना तो पेटीतच ठेवावा. वर हेलिकॉप्टर आणि खाली बोटी असताना हौशी ड्रोन अडथळाच ठरतो.

पायरी 2: काढताना तीन गोष्टी

पहिली गोष्ट आभाळाची. ढगाळ आभाळ गढूळ पाण्यापेक्षा कितीतरी उजळ असतं. मोबाइल पाण्याकडे बघून प्रकाश ठरवतो आणि आभाळ कागदासारखं कोरं होतं. फोटोत किती प्रकाश घ्यायचा, त्या मापाला एक्स्पोजर म्हणतात. स्क्रीनवर आभाळावर बोट टेकवावं आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढावं. पाणी जरा काळपट दिसेल, पण ते नंतर उजळता येतं. कोऱ्या आभाळात ढग परत आणता येत नाहीत.

दुसरी गोष्ट चकाकीची. पोलरायझर ही लेन्ससमोर बसवून फिरवायची काच. ती पाण्यावरची चकाकी कमी करते आणि गाळाचा खरा रंग दाखवते. ती पूर्ण फिरवली तर मात्र पाणी नांगरलेल्या रानासारखं दिसायला लागतं. ओलेपणा कळण्यापुरती चकाकी ठेवावी.

तिसरी गोष्ट वेळेची. लेन्सचा पडदा किती वेळ उघडा राहतो, तो शटरचा वेग. तो दहा-वीस सेकंद उघडा ठेवला तर पाणी दुधासारखं मऊ येतं. धबधब्याला ते शोभतं. पुराच्या फोटोत मात्र ओढ, भोवरे, वाहून जाणारा पाचोळा सगळं पुसलं जातं आणि झाडं उपटणारं पाणी तलावासारखं निवांत दिसतं.

पायरी 3: निवड

घरी आल्यावर सगळे फोटो गटात टाकू नयेत. एका जागेचा एकच ठेवावा आणि एकूण पाचाच्या पुढे जाऊ नये.

निवडताना खूण शोधावी, म्हणजे ज्याची उंची बघणाऱ्याला ठाऊक आहे अशी वस्तू: विजेचा खांब, डीपी, एसटीच्या थांब्याचं छत, रस्त्याची पाटी, देवळाचं शिखर, पंपघराचा पत्रा. स्टीव्ह मॅककरी यांनी 1983 मध्ये पोरबंदरला काढलेला शिंप्याचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. गळ्याइतक्या पाण्यातून तो शिवणयंत्र खांद्यावर घेऊन चालला आहे. पाणी किती, हे तिथे माणसाच्या गळ्यावरून कळतं. वेगळा आकडा लागत नाही.

रानातली सर्वांत चांगली खूण म्हणजे ऊस. गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस या ऑगस्टला माणसाच्या डोक्याच्या बराच वर गेलेला असतो. त्याचे नुसते शेंडे दिसत असतील, तर शेतकऱ्याला खोली लगेच कळते. जानेवारी-फेब्रुवारीतली सुरूची लागण मात्र बुटकी असते. तिचे शेंडे दिसले, तर पाणी तुलनेने कमी. आपल्या फोटोतला ऊस कुठल्या हंगामाचा, हे विचारून घ्यावं आणि लिहून ठेवावं.

पायरी 4: दुरुस्ती, पण बेतानं

आधी फोटो सरळ करावा. इथे बहुतेक जण फसतात, कारण समोरचा काठ तिरका धावत असतो आणि आपण त्यालाच क्षितिज धरतो. खांबाचा भरवसा नाही, पुरात तो कललेला असू शकतो. कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर वस्तूचं टोक आणि पाण्यातलं त्याच टोकाचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत येतात. शिखर आणि त्याचं प्रतिबिंब जोडणारी रेषा उभी होईपर्यंत फोटो फिरवावा. त्यासाठी पाणी संथ असलेला कोपरा शोधावा लागतो, आणि तो बहुतेक फोटोंत सापडतो.

नंतर रंग. गढूळ पाणी निळं करू नये. आभाळ काळं करून वादळ आणू नये. खांब, तारा, तरंगणारं प्लास्टिक पुसू नये. याच मॅककरी यांच्या क्यूबातल्या एका फोटोत 2016 मध्ये इटलीतल्या प्रदर्शनात पाटीचा खांब भलत्याच जागी आलेला आढळला. मग लोकांनी त्यांचे जुने फोटो तपासायला घेतले आणि काहींमधून माणसं, वस्तू गाळल्याचं दिसलं. आपला फोटो तिथवर जाणार नाही, पण तो पुराचा दाखला म्हणून पुढे वापरला जाऊ शकतो. उजेड कमी-जास्त करावा, कड कापावी, तिथेच थांबावं.

पायरी 5: फोटोखालची ओळ

"निसर्गाचं रौद्र रूप" ही ओळ कुठल्याही पुराला चालते, म्हणून ती निरुपयोगी. ओळीत चार गोष्टी असाव्यात: तारीख आणि वेळ, गाव, कुठे उभं राहून कुठल्या दिशेला बघितलं, आणि पाण्याखाली काय आहे. जमल्यास त्या वेळची जवळच्या पुलावरची किंवा बंधाऱ्यावरची पातळी.

तारीख सर्वांत महत्त्वाची. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळचे फोटो नव्या पुरात पुन्हा फिरू लागले की लोक उगाच घाबरतात. तारीख लिहिलेली असली की हा घोळ बराच टळतो.

पायरी 6: दाखवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि दूरचे शेंडे एकमेकांत मिसळतात. गटात तपासायला द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मात्र तशा पाठवलेल्या फाइलमध्ये फोटो काढल्याच्या जागेची नोंदही सोबत जाऊ शकते. गटाबाहेर देण्याआधी ती काढून टाकावी.

याचं कारण साधं आहे. पुरात घरं कुलूप लावून सोडलेली असतात. कुठली गल्ली रिकामी आहे, हे जगाला कळायला नको. ओळखू येईल असा चेहरा असेल तर विचारून घ्यावं. ज्याचं पीक बुडालंय त्याचं रान हे आपल्यासाठी निव्वळ दृश्य असलं, तरी त्याच्यासाठी ते वर्षाचं उत्पन्न आहे. पाणी चढत असताना "काय सुंदर!" लिहून तो फोटो गावाच्या गटात टाकू नये.

पायरी 7: मत देणं

"मस्त", "अप्रतिम", "एक नंबर" हे शब्द काही काळ बाजूला ठेवावेत. त्यांनी आनंद होतो, पण पुढचा फोटो सुधारत नाही.

क्रम असा ठेवावा. पहिलं मिनिटभर सगळ्यांनी नुसतं बघायचं. मग एकेकाने काय दिसतंय ते सांगायचं, चांगलं-वाईट म्हणायचं नाही. फोटोखालची ओळ तोवर झाकलेली असावी आणि फोटो काढणाऱ्याने गप्प बसावं. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड जातं. "तिथं नं, उजवीकडं विहीर होती" असं तो मध्येच सांगू लागला, की विहीर फोटोत दिसते का हे तपासायची संधी गेली.

त्यानंतर खुणेचा प्रश्न, मग तंत्र आणि शेवटी एकच सूचना, पुढच्या वेळी खरोखर करता येईल अशी.

एक उदाहरण घेऊ. समजा, फोटोत खालच्या अर्ध्या भागात तांबूस पाणी आहे. मधोमध हिरव्या शेंड्यांच्या चार-पाच रांगा डावीकडून उजवीकडे जातात. उजव्या कडेला पत्र्याचा तुकडा अर्धा कापला गेलाय. वर आभाळ कोरं.

पहिला म्हणतो, "भाताचं रान दिसतंय." दुसरा म्हणतो, "मला वाटलं नदीतलं गवत." तिसरी, जिच्या घरी शेती आहे, ती म्हणते, "ऊस आहे तो. आणि तो पत्रा पंपघराचा." फोटोतली अडचण इथेच सापडली. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या, कारण मोजायला काही नव्हतं, आणि जे मोजमाप होतं ते कडेला कापलं गेलं. आता सूचना आपोआप सुचते: "चौकट थोडी उजवीकडे न्या, पत्रा पूर्ण येऊ द्या. रिकाम्या पाण्यातलं थोडं कमी झालं तरी चालेल." कोऱ्या आभाळाबद्दल नंतर बोलावं. आधी आभाळावर बोललो असतो, तर ढग आले असते आणि ऊस गवतच राहिला असता.

बोलताना "तू चुकलास" यापेक्षा "फोटोत इथे कळत नाही" असं म्हणावं. वयाने मोठे सभासद असले तरी त्यांच्या फोटोला वेगळा नियम नको. "काका, पत्रा कापला गेलाय" एवढं आदराने सांगता येतं.

पायरी 8: मत घेणं

आपल्या फोटोवर बोलणं झालं की मग ओळ उघडावी. लोकांना जे दिसलं आणि आपण जे लिहिलं, त्यातला फरक टिपून ठेवावा. खुलासे देत बसू नये. दोन-तीन जणांना एकाच जागी अडखळायला झालं असेल, तर दुरुस्ती तिथेच करायची. एकालाच खटकलं असेल, तर दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा बघून ठरवावं. प्रत्येक सूचना मानलीच पाहिजे असं नाही.

पायरी 9: पाणी ओसरल्यावर

बहुतेक गट इथे थांबतात, कारण ओसरलेलं पाणी बघायला गर्दी होत नाही. खरं तर खुणा आता उघड्या पडतात: भिंतीवरची ओली रेघ, गाळाने माखलेली उसाची पानं, बाभळीच्या फांदीत उंच अडकलेलं प्लास्टिक. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेले गिडिऑन मेंडेल 2007 पासून जगभरच्या पुरांचे फोटो काढत आहेत. त्यांच्या कामाचा एक भाग फक्त घरांच्या भिंतींवर उरलेल्या पाण्याच्या रेघांचा आहे.

आपणही त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून पुन्हा फोटो काढावा. एक पाणी उतरल्यावर आणि एक मे महिन्यात, रान कोरडं असताना. पहिल्या फोटोतला खांब किंवा झाड चौकटीत त्याच ठिकाणी येईल असं उभं राहावं. तिन्ही फोटो शेजारी ठेवले की पाण्याखाली काय होतं, हे सांगायला ओळही लागत नाही. पुढच्या बैठकीत तपासायला हाच संच घ्यावा.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव आणि दिशा लिहावी, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. गटाचे निवडक संच ग्रामपंचायतीला किंवा गावच्या वाचनालयाला द्यावेत. नवं घर बांधताना जोतं किती उंच घ्यायचं किंवा डीपी कुठे हलवायचा, असे प्रश्न गावात दर वर्षी निघतात. तेव्हा तारीख आणि खूण असलेला फोटो टेबलावर ठेवता येतो.