बुडालेल्या सागरतळाचा माग

हवाईसारख्या बेटांचा लाव्हा प्रावरणातल्या कधीच न वितळलेल्या, आदिम खडकातून येतो, असं १९७०च्या दशकात अनेक भूरसायनतज्ज्ञ मानत. १९८२ मध्ये आल्ब्रेख्ट हॉफमन आणि विल्यम व्हाइट यांनी वेगळंच मांडलं. त्यांच्या मते उगमाचा हा खडक म्हणजे एके काळचा सागरतळच होता. भूपट्टासोबत तो प्रावरणात गेला, अब्जावधी वर्षं खोल पडून राहिला, तापला आणि पुन्हा वर आला.

विचार धाडसी होता, पण त्याचा आधार होता मुख्यतः मूलद्रव्यांच्या आणि समस्थानिकांच्या प्रमाणांचा, आणि त्यांचे इतर अर्थही लागत. मग प्रश्न आला वितळण्याचा. बुडालेल्या सागरतळातल्या बेसाल्टचं दाबाखाली एक्लोगाइट होतं. भोवतालच्या प्रावरणाच्या खडकाच्या, म्हणजे पेरिडोटाइटच्या मानाने ते कमी तापमानाला वितळतं, त्यामुळे वर येणाऱ्या झोतात आधी त्याचाच शिलारस सुटतो. तो शेजारच्या पेरिडोटाइटमधल्या ऑलिव्हीन या खनिजाशी अभिक्रिया करतो आणि पायरॉक्सिनाइट तयार होतो. हवाईच्या ऑलिव्हीन स्फटिकांत निकेल इतकं जास्त का, याचं उत्तर २००५ मध्ये अलेक्झांडर सोबोलेव्ह आणि सहकाऱ्यांनी इथेच शोधलं. निकेल धरून ठेवायला उगमाच्या खडकात ऑलिव्हीनच उरलं नव्हतं! पुढे इतर प्रयोगांतून दिसलं, की नुसतं जास्त खोलीवर वितळल्यानेही निकेल वाढू शकतं. वाद मिटला नाही.

माझ्या दृष्टीने खरा निर्णायक पुरावा २०१३ चा. दक्षिण पॅसिफिकमधल्या कुक बेटांपैकी मंगाइया बेटावरच्या सुमारे २ कोटी वर्षं जुन्या लाव्ह्यात ऑलिव्हीनचे स्फटिक आहेत, आणि त्या स्फटिकांत अडकलेले सल्फाइडचे सूक्ष्म कण. त्यांतल्या गंधकाच्या समस्थानिकांचं प्रमाण चमत्कारिक निघालं. तशी खूण उमटते हवेत, तीही प्राणवायू नसलेल्या. ओझोनचा आडोसा नसल्याने अतिनील किरणं गंधकाच्या वायूंपर्यंत पोचतात आणि ती खूण उठते. सुमारे २४५ कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला आणि ती थांबली. म्हणजे या कणांतलं गंधक त्याआधी पृथ्वीच्या पृष्ठभागावर होतं. खोल प्रावरणातली कुठलीच घडामोड अशी खूण घडवत नाही, म्हणून इथे पळवाट फारशी उरत नाही.

असा सागरतळ थेट गाभ्यापर्यंत पोचला तर तिथे काय होईल? २०१४ मध्ये देनी आँद्रो आणि सहकाऱ्यांनी बेसाल्टवर गाभ्याच्या सीमेइतका, १३५ गिगापास्कल दाब दिला. वितळणं सुरू झालं सुमारे ३,८०० केल्विनला, प्रावरणाच्या खडकापेक्षा ३५० अंश आधी. भूकंपलहरी गाभ्याच्या सीमेवर काही ठिकाणीच अतिशय मंदावतात, सगळीकडे नाही. जिथे बुडालेला सागरतळ पोचला असेल तिथेच शिलारस असणार, हे त्या तुटक ठिपक्यांशी जुळतं.