शाळेतला जुना संगणक आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा थांबवल्या. विंडोज ११ कित्येक जुन्या संगणकांवर रीतसर बसत नाही. मग शाळेतला धडधाकट संगणक काय भंगारात घालायचा? तसे करण्याआधी लिनक्सचा विचार अवश्य करावा.

लिनक्स हा खरे पाहता प्रणालीचा गाभा. १९९१ साली हेलसिंकी येथे लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला. या गाभ्याभोवती लेखनाची, चित्रांची, इंटरनेटची साधने रचून जो संच होतो, त्यास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. ज्वारीचे पीठ एकच. कुणी भाकरी थापतो, कुणी थालीपीठ लावतो, तशातला हा प्रकार.

यातले आपण कोणते घ्यावे? नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. नवी आवृत्ती किती वेळा बसवावी लागते, हे आधी पाहावे. फेडोराची आवृत्ती साधारण ६ महिन्यांनी येते आणि तिला सुमारे १३ महिनेच सुधारणा मिळतात. नव्याची हौस असणाऱ्याला ते बरे. पण शाळेत दर वर्षी ही उठाठेव करायची कुणी? उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर २ वर्षांनी निघते व तिला ५ वर्षे सुधारणा मिळतात. मिंट ही उबुंटूवरच उभारलेली. तिची मांडणी विंडोजच्या जवळची, म्हणून हात लवकर बसतो. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ असल्यास सुखाने चालते. नवख्या माणसाने मिंटपासून आरंभ करावा, असे मला वाटते.

बसवण्यापूर्वी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संगणकातले काही पुसावे लागत नाही. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, मराठी लिहिता येते का, हे तपासावे. केवळ विंडोजसाठी केलेली सॉफ्टवेअर इथे सहसा चालत नाहीत. त्यांवाचून काम अडत असेल, तर घाई करू नये.

आणि एक गोष्ट विसरू नका. प्रणाली कायमची बसवताना जुने सारे पुसले जाऊ शकते. तेव्हा निकालपत्रके आणि हजेरीचे तक्ते यांची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा, ती उघडते याची खात्री करा, आणि मगच पुढचे बटण दाबा.