कारखान्यातली माणसं (भाग ६) : ‘साहेब, जरा बोलायचं होतं’

मागच्या भागात आपण पगारवाढीच्या करारांबद्दल बोललो. आज त्या करारांत न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल: कामगाराचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल.

पुण्याजवळच्या चाकणमधल्या बऱ्याच कंपन्यांत पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळे लाइनपाशी गोळा होतात. सुपरवायझर कालचं रिजेक्शन सांगतो, आजचं टार्गेट सांगतो आणि घड्याळाकडे बघत विचारतो, “काही अडचण?” मागून एक जण म्हणतो, “साहेब, तीन नंबरच्या फिक्स्चरचा क्लॅम्प सैल पडतोय.” “बघू.” दुसऱ्या दिवशीही “बघू.” तिसऱ्या दिवशी तो गप्प. पीस बाद होतच राहतात आणि महिनाअखेरीला एचआरवाले विचारतात, पोरांचं कामात मन का लागत नाही?

असं मन उडालं की काय होतं, हे पिंपरीने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. १९८८ मध्ये रतन टाटा टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) अध्यक्ष झाले, त्याच सुमारास तिथे कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखालचा कामगारांचा संघर्ष पेटला. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार पुण्यात शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि अखेर पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. आता टेल्कोची नोकरी म्हणजे तेव्हा लग्नाच्या बाजारात भाव खाणारी नोकरी! मग एवढा राग आला कुठून? पुढे टाटांनीच कबुली दिली, की कामगारांना आम्ही गृहीत धरलं. त्यांच्यासाठी सगळं करतोय असं आम्हाला वाटत होतं, बहुधा तसं नव्हतं. ‘आम्हाला वाटत होतं’ इथेच तर घोळ होता. कामगाराला काय वाटतं, हे त्यालाच विचारायचं राहून गेलं होतं.

विचारायचं कसं, याचा जुना धडा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचा. १९२८ पासून दोनेक वर्षांत तिथे वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न होते, पण माणसं भलतंच बोलायची: घरचं, फोरमनचं, कॅन्टीनचं. शेवटी प्रश्नावली बाजूला ठेवून नुसतं ऐकायचं ठरलं. बोलून मोकळं झाल्यावर काहींच्या तक्रारी आपोआप निवळल्या, असं दिसलं. साहेब लोकांना हा निष्कर्ष भारी आवडतो, कारण तो फुकटात पडतो. पण नुसतं ऐकणं एकदाच चालतं. मोकळेपणाने बोलायला लावून पुढे काहीच केलं नाही, तर माणूस आधीपेक्षा जास्त दुखावतो.

आणि काही वेळा पैशाच्या मागणीतही भावना बोलत असते. २०१३ च्या जूनमध्ये बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पातल्या कामगारांनी काम थांबवलं. त्यांची एक मागणी होती, प्रत्येकाला ५०० शेअर, एक रुपया दराने. कंपनीने ती धुडकावली आणि सुमारे ५० दिवसांनी, ऑगस्टमध्ये, कामगार परत कामावर गेले. मागणी व्यवहार्य होती की नाही, यावर वाद होऊ शकतो. मला मात्र त्यात ‘या कंपनीत आमचाही वाटा आहे’ हे वाक्य ऐकू येतं. ज्या एंगेजमेंटसाठी, म्हणजे कामात मन गुंतण्यासाठी, व्यवस्थापन सल्लागारांना फी मोजतं, ती आणखी वेगळी काय असते?

हे सगळं झालं कायम कामगारांचं. त्याच लाइनवर उभ्या असलेल्या कंत्राटी पोराचं ओळखपत्र ठेकेदाराचं, युनियनचं सभासदत्व बहुधा नाही. गाव लातूरकडचं नाहीतर बिहारमधलं. त्याने बोलायचं कोणाशी? सुपरवायझर म्हणतो ठेकेदाराला सांग, ठेकेदार म्हणतो कंपनीला सांग. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा एक माणूस नाव घेऊन ठरवून दिला नसेल, तर त्या कंपनीने एंगेजमेंटच्या सर्व्हेवर पैसे घालवू नयेत.

(पुढच्या भागात : रात्रपाळी आणि घर)