अठराव्या वर्षानंतर

तुमसर तालुक्यातला आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या सरदाराने, राजाखान पठाणाने बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले, एवढे बहुतेकांनी वाचलेले असते. माझ्या लेखी मात्र आंबागड म्हणजे मावशीची दोन एकर धानाची बांधी आणि रोवणीच्या दिवसांत तिथे पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकत फिरणारा माझा मावसभाऊ.

तो आता चाळिशीला आला आहे. आमच्या लहानपणी त्याच्यासारख्याला सरळ 'वेडा' म्हणत. मग 'मतिमंद' शब्द आला, आता सरकारी कागदावर 'बौद्धिक दिव्यांग' लिहितात. त्याला दहापर्यंत मोजता येत नाही. पण रोवणाऱ्या बायका मागे मागे सरकत जातात आणि पेंढी त्यांच्या पाठीमागे, सरकता सरकता हाताशी येईल अशीच पडावी लागते, हे त्याच्याइतके मला जन्मात जमायचे नाही. गुडघाभर चिखलात उभा राहून तो पेंढी भिरकावतो, ती नेमकी तिथेच पडते.

हे आपोआप झाले नाही. बाहेरगावच्या एका निवासी शाळेत तो अठराव्या वर्षापर्यंत होता. तिथे बटणे लावायला, ताट धुवायला शिकला. मग वय संपले म्हणून घरी आला. पुढची दोन वर्षे तो नुसता ओसरीवर बसून होता. अंगाने सुटला, रात्र रात्र जागू लागला, एकदा मावशीवर हातही उचलला. औषधे झाली, मांत्रिकही झाला. शेवटी शेजारची एक बाई, जी रोवणीची टोळी घेऊन फिरते, ती त्याला बांधीवर घेऊन गेली. संध्याकाळी तो थकून आला, जेवला आणि झोपला. मावशी ती रात्र अजून सांगते.

सुरुवातीला शेतकरी त्याला जेवणावर भागवीत. एका हंगामात त्या टोळीवालीने बजावले की, याची मजुरी मांडली नाही तर उद्यापासून आम्ही येणार नाही. तेव्हापासून पैसे मावशीच्या हाती येतात. खर्चाला थोडे त्याच्या खिशात असतात. तो दुकानात जाऊन हाताला लागेल ती नोट पुढे करतो, दुकानदार बरोबर मोड परत देतो आणि काय घेतले ते मावशीला सांगतो. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेत गल्लीतली पोरे त्याला सोबत नेतात. तीच पोरे लग्नाच्या वरातीत त्याला नाचवून हसतातही. गाव काही संतांचे नाही.

मुंबईत 'जय वकील' शाळा 1944 साली निघाली, पुण्यात 'कामायनी' 1964 साली. मुलांसाठी शाळा हवी, हे समाजाला निदान शहरांत पटले. पण ही मुले मोठी होतात, त्यांना मिशा फुटतात, आईबाप म्हातारे होतात, याचा विचार फार उशिरा सुरू झाला. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'ने तो प्रश्न रंगभूमीवर आणला तेव्हा प्रेक्षक डोळे पुसत घरी गेले. 'कामायनी'ने मोठ्यांसाठी उद्योग केंद्र काढले. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन 'घरकुल' उभे केले. आईबापांनी एकमेकांच्या मुलांची जबाबदारी घ्यायची, ही मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते.

आमच्या विदर्भात नाव घ्यायचे ते अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे. टाकून दिलेल्या अपंग मुलांना शंकरबाबा पापळकरांनी तिथे वाढवले, 123 मुलांना आपले आडनाव दिले. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडायचे, हा नियम त्यांनी मानला नाही. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याला अठराव्या वाढदिवशी कुठे पाठवायचे, हा त्यांचा साधा सवाल आहे. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वझ्झरला ज्याला जमते तो न जमणाऱ्याला भरवतो, आंघोळ घालतो. तिथल्या एका मूकबधिर मुलीचे लग्न डिसेंबर 2020 मध्ये नागपुरात लागले, तेव्हा कन्यादान तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांनी केले आणि वरपक्षाकडून नागपूरचे जिल्हाधिकारी उभे राहिले. समारंभ म्हणून कोणी नाक मुरडेल. मला वाटते, पालकत्व वाटून घेता येते हे चारचौघांत दाखवायला असा समारंभही लागतो.

कायद्यानेही वाट ठेवली आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्थानिक स्तर समिती असते. त्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिघे बसतात. अठरा वर्षांवरील अशा माणसाला पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. आईवडील अर्ज करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी द्यायची असते. तरतूद चांगली आहे, कारण दोन एकरांवर डोळा ठेवणारे भाऊबंद सगळीकडेच असतात. पण अर्जावर नाव लागते. टोळीवाली, दुकानदार आणि यात्रेला नेणारी पोरे मिळून जे पालकत्व आंबागडला रोज चालते, ते लिहायला त्यात रकाना नाही.

मावशीने सत्तरी ओलांडली आहे. काका गेले, दुसरे मूल नाही. मागच्या उन्हाळ्यात तिने मला विचारले, "माज्या मांगं याचा कसा होईल गा बाबू?" तिला माझे नाव अर्जावर हवे होते, हे मला लगेच समजले. मी म्हणालो, दिवाळीनंतर बघू. नागपुरातल्या माझ्या दोन खोल्या, मुलांचे शिक्षण, बायको काय म्हणेल, हे सगळे मनात येऊन गेले. पालक झालो म्हणजे त्याला उचलून आणलेच पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही, हे मी नंतर वाचले. ते कळल्यावर हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची लाजही वाटली.

रोवणीत पुन्हा गेलो तेव्हा अर्ज भरून नेला होता. सही करायची होती. बांधावर उभा होतो. टोळीवाली चिखलातूनच म्हणाली, "तुमी याले नागपूरले नेता म्हनते." मी म्हणालो, नाही, नुसता कागद आहे. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. कमरेवर हात ठेवून ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "मंग पेंढ्या कोन टाकंल?"