मॉरिशसची वाळू

हिंदी महासागराच्या नकाशांत मादागास्करच्या पूर्वेस एक टिंब दिसतें, तें मॉरिशस बेट. इ. स. १८३४ पासून हिंदुस्थानांतील जे हजारों मजूर तेथील उसाच्या मळ्यांत गेले, त्यांत कोंकणाकडील मराठी माणसेंही होतीं. त्यांचे वंशज आजही गणेशचतुर्थीचा सण पाळून मूर्तीचें विसर्जन करितात. परंतु त्या बेटाचें पोट आतां केवळ उसावर भरत नाहीं. इ. स. २०१८ मध्यें सुमारें चौदा लक्ष प्रवासी तेथें आले, तेथील शुभ्र किनाऱ्यांचें नांव ऐकून. ही वाळू येते कोठून, हा प्रश्न म्हणून तेथें भूगोलाचा आहे तसाच भाकरीचाही आहे.

बेट ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचें; मग वाळू पांढरी कशी? ती डोंगराची नव्हेच. बेटास बहुतेक सर्व बाजूंनीं प्रवाळाची भिंत वेढून आहे. प्रवाळ व शंखशिंपले लाटांनीं कुटले जाऊन त्यांची वाळू होते. शिवाय पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या पोटांतून बारीक वाळू बाहेर पडते. (हें सांगतांच वर्गांत हंशा पिकतो, पण गोष्ट खरी आहे.) बाहेरच्या लाटा भिंतीवर आपटून थकतात, म्हणून आंतील उथळ पाणी शांत राहतें व वाळू जागेवर टिकते. आतां शेतांतील खत व घरांतील सांडपाणी नदीवाटे या पाण्यांत उतरलें कीं शेवाळ माजतें आणि प्रवाळ गुदमरतो. उसाच्या मळ्यांतील कामाचा समुद्रकिनाऱ्याशीं संबंध लागतो तो असा.

पुष्कळ वर्षें याच उथळ पाण्यांतून घरें बांधण्यासाठीं वाळू उपसली जात असे. इ. स. २००१ च्या ऑक्टोबरांत सरकारानें हा उपसा बंद केला, आणि गवंड्यांच्या हातीं काळा खडक दळून केलेली वाळू आली. आमच्या मतें हें फार शहाणपणाचें पाऊल होय. वाळू काढून पोट भरणाऱ्याच्या घरीं मात्र त्या महिन्यांत चूल कशी पेटली असेल, हा विचार मनांतून जात नाहीं.

दुसरें संकट भिंतींचें. समुद्र वर चढूं लागला, दारापुढील वाळू वाहून जाऊं लागली, कीं बंगल्याचा धनी दगडी भिंत घालतो. लाट तिच्यावर आदळून माघारी फिरतांना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंतीच्या टोकाशीं शेजाऱ्याचा किनारा खचतो. मग शेजारीही भिंत घालतो. अखेर भिंती उरतात, आणि प्रवासी जिच्यासाठीं आला ती वाळूच नाहींशी होते. एकेकट्याचें शहाणपण असें सर्वांच्या नुकसानीचें ठरतें. इ. स. २००२ च्या पर्यावरणविषयक कायद्यानें निरनिराळ्या खात्यांची एकत्र समिति किनाऱ्यासाठीं ठरविली, व इ. स. २०१० मध्यें सबंध किनाऱ्याचा एक आराखडा तयार झाला, तो याच कारणानें.

याहून जुनी एक सोयही तेथें आहे. फ्रेंच अमदानींत, इ. स. १८०७ मध्यें, भरतीच्या रेषेपासून आंत पन्नास 'भौमितिक पावलें', म्हणजे सुमारें ८१ मीटर, जमीन सरकारची ठरली. हेतु बेटाच्या संरक्षणाचा, शत्रूच्या गलबतांवर नजर ठेवण्याचा होता. आज याच पट्ट्यांतून हॉटेलांस व बंगल्यांस भाडेपट्ट्यानें जागा मिळते. कांहीं भाग सार्वजनिक किनारे म्हणून राखला आहे. तेथें रविवारीं कुटुंबेंच्या कुटुंबें डबे घेऊन सुरूच्या झाडांखालीं बसतात. भाडेपट्टा साठ वर्षांपर्यंतचा असूं शकतो. तितक्या काळांत भरतीची रेषा कोठें सरकेल, हें कागद लिहिणाऱ्याच्या हातीं नाहीं. समुद्र पुढें आला आणि हॉटेलाचें कुंपण मागें हटलें नाहीं, तर दोहोंच्या मध्यें उरते ती सर्वांची वाळू, दरवर्षीं थोडी अधिक अरुंद. कांहीं ठिकाणीं लाटांनीं सुरूचीं मुळें आतांच उघडीं पाडलीं आहेत.